दाढदुखी, गोळी आणि उधारी

भिवंडीत माग रात्रीही चालतात, आणि दाढेचा ठणका तर बहुधा रात्रीच जोर धरतो. कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराला अशा वेळी माग सोडून जाता येत नाही. गालावर हात दाबून तो पाळी पुरी करतो आणि सकाळी थेट नाक्यावरील औषधांचे दुकान गाठतो. ‘दाढेची गोळी’ एवढे दोनच शब्द त्याला उच्चारावे लागतात. एक वेदनाशामक, एक पित्ताची आणि एक प्रतिजैविकाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या अँटिबायोटिकची, अशा गोळ्यांची दोन-तीन दिवसांची पुडी त्याच्या हाती पडते. ठणका थांबतो, दाढेचा विसर पडतो आणि माग चालू राहतो.

हे अशिक्षित मजुराचे अज्ञान आहे, असे समजून सुशिक्षितांनी निश्चिंत राहण्याचे कारण नाही. शाळेतील शिक्षक, कचेरीतील कारकून किंवा परीक्षा तोंडावर आलेला विद्यार्थी दंतवैद्याकडे जातो खरा. परंतु तोही खुर्चीवर बसण्यापूर्वी ‘एखादी जोराची गोळी द्या’ अशी मागणी करतो. रूट कॅनाल म्हणजे दाताच्या मुळातील नलिका साफ करून भरण्याचा उपचार. तो करावयाचा तर आधी पाच दिवस प्रतिजैविक आणि नंतर पाच दिवस प्रतिजैविक, असा जणू शास्त्राधार असलेला परिपाठच पडून गेला आहे. मजुराची गोळी चिठ्ठीवाचून येते आणि कारकुनाची चिठ्ठीसह येते, एवढाच दोघांतील फरक.

तेव्हा प्रश्न सरळ विचारावयास हवा. रूट कॅनाल उपचारासाठी प्रतिजैविकांची गरज असते काय? वैद्यकशास्त्राचे आजचे उत्तरही तितकेच सरळ आहे. प्रकृतीने अन्यथा धडधाकट असलेल्या बहुसंख्य रुग्णांना ती नसते.

दाढेच्या आत काय घडते?

दाताच्या कठीण कवचाच्या आत मऊ मगज असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. कीड कवच पोखरीत आत पोहोचली म्हणजे हा मगज सुजतो. शरीराच्या इतर भागाला सूज आली तर कातडी ताणली जाऊन सुजेला जागा मिळते. दाताच्या आत ती सोय नाही. चहूबाजूंनी भिंती आणि आत दाब वाढत चाललेला, त्यामुळे तो असह्य ठणका उठतो. हे दुखणे मुख्यतः दाहाचे असते. अशा दुखण्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांसारखी वेदनाशामके काम करतात. जंतू मारणाऱ्या औषधाला तेथे करण्याजोगे फारसे काही नसते.

पुढे मगज मरतो. त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. पोटात घेतलेली गोळी शरीरभर पोहोचते ती रक्तावाटे. जेथे रक्तच जात नाही तेथे औषध कोठून जाणार? मेलेल्या मगजात जंतूंचे बिऱ्हाड सुखरूप राहते आणि गोळी दाराबाहेर थांबते. हे बिऱ्हाड हलवावयाचे तर दार उघडूनच हलविले पाहिजे. दंतवैद्य दाताला छिद्र पाडतो, मुळांतील नलिका बारीक हत्यारांनी खरवडतो, जंतुनाशक द्रावणाने धुतो आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करतो. जंतूंचा नाश करणारे औषध या उपचारात आहेच, पण ते जेथे हवे तेथे, म्हणजे दाताच्या आत, वापरले जाते. दात वाचविण्याजोगा नसेल तर तो काढणे हा दुसरा मार्ग. तिसरा मार्ग नाही.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दाताच्या मगजाचा दाह, मुळाशी होणारे दुखणे आणि एकाच जागी मर्यादित असलेले गळू यांवर तात्काळ दंतोपचार मिळत असेल, तर प्रकृतीने निरोगी प्रौढांना प्रतिजैविके देऊ नयेत, असे ती सांगतात. त्यापूर्वी, २००० साली, अमेरिकेतीलच एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. मगजाचा दाह झालेल्या ४० रुग्णांपैकी काहींना सात दिवस पेनिसिलीन आणि इतरांना तशाच दिसणाऱ्या निरौषधी गोळ्या देण्यात आल्या. वेदनाशामके सर्वांनाच होती. दोन्ही गटांच्या दुखण्यात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. प्रयोग लहान होता, हे मान्य करावयास हवे. परंतु दाताची रचना पाहता जे अपेक्षित होते तेच त्यात दिसले.

कावळा आणि फांदी

येथे वाचक विचारील की, मग गोळीने बरे वाटते ते कसे? हजारो माणसांचा अनुभव खोटा कसा म्हणावयाचा?

अनुभव खोटा नाही, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. पुडीत वेदनाशामक असते, ते आपले काम करते आणि श्रेय शेजारच्या महागड्या गोळीला मिळते. दुसरे कारण याहून अधिक फसवे आहे. मगज पूर्णपणे मेला की त्यातील मज्जातंतूही मरतात आणि ठणका आपोआप थांबतो. रुग्णाला वाटते, दाढ बरी झाली. वस्तुतः ती बरी झालेली नसते, मेलेली असते. कावळा बसावा आणि फांदी मोडावी, तशी ही गाठ पडते. काही महिन्यांनी मुळाशी पू साठतो, गाल सुजतो, आणि पुन्हा त्याच दुकानावर त्याच गोळीची मागणी होते. या वेळी विक्रेता ‘त्याहून जोराची’ गोळी काढून देतो.

या व्यवहाराला अर्थशास्त्राच्या भाषेत उधारी म्हणावे लागेल. आजचे देणे पुढे ढकलले गेले, इतकेच त्यात घडले. मुद्दल तसेच राहिले आणि व्याज चढत गेले. जी दाढ काही हजार रुपयांत वाचली असती ती पुढे काढावी लागते, आणि जे गळू खुर्चीवर पाच मिनिटांत मोकळे झाले असते त्यासाठी क्वचित रुग्णालयात भरती व्हावे लागते.

गरज केव्हा असते?

प्रतिजैविकांचा सरसकट निषेध करणे हा दुसऱ्या टोकाचा अविचार ठरेल. दाताचा संसर्ग दातापुरता न राहता शरीरात पसरू लागला, ताप आला, अंग मोडून गेले, सूज गालावरून डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे सरकू लागली, तर प्रतिजैविक दिलेच पाहिजे, आणि तेही विनाविलंब. तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास कोंडू लागला, तर ही दाढदुखी राहिलेली नाही, असे समजून रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावयास हवे. जबड्याखालून मानेत पसरणाऱ्या अशा सुजेचे वर्णन लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने १८३६ सालीच करून ठेवले आहे. त्या काळी तो आजार बहुधा प्राणावरच बेते. आज योग्य उपचारांनी रुग्ण वाचतात, आणि त्या उपचारांत प्रतिजैविकांचा वाटा मोठा आहे.

ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी खालावलेली आहे, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसविली आहे, ज्यांना पूर्वी हृदयाच्या अंतस्तराचा संसर्ग होऊन गेला आहे किंवा ज्यांना जन्मजात हृदयविकाराचे काही विशिष्ट प्रकार आहेत, अशांना रक्त निघणाऱ्या किंवा मुळाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या दंतोपचारापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा देण्याचा सल्ला हृदयरोगतज्ज्ञ देतात. हे लोक थोडे आहेत. अपवाद थोडा असतो म्हणूनच तो अपवाद. आपल्याकडे मात्र अपवादाचाच नियम करण्यात आला आहे. भरीला, अमॉक्सिसिलीनसारख्या साध्या औषधाने जेथे काम भागावे तेथे ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची जोडगोळी सर्रास दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांची जी वर्गवारी केली आहे, तिच्यात अमॉक्सिसिलीन पहिल्या वापराच्या गटात, तर ऑफ्लॉक्सासिन जपून वापरावयाच्या गटात मोडते.

कामवारीचा धडा

एका माणसाने अनावश्यक गोळ्या घेतल्या तर जगाचे काय बिघडते? भिवंडीकराला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्याचे कारण नाही. कामवारी नदी त्याच्या शेजारून वाहते. ती कोणा एकाच कारखान्याने नासविली नाही. सायझिंगवाल्याने थोडे सोडले, रंगाईवाल्याने थोडे सोडले, वस्तीने आपला वाटा घातला. प्रत्येकाची बचत त्याच्या खिशात गेली आणि खर्च मात्र सर्वांच्या नदीवर पडला. ए. सी. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात खासगी लाभ आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत विशद केली. प्रतिजैविकांचा बाजार हे या तफावतीचे ठळक उदाहरण होय.

प्रत्येक गोळी शरीरातील असंख्य जंतूंवर परिणाम करते. दुबळे मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच वाढ होते. हे चिवट जंतू एका घरात राहत नाहीत. दाटीवाटीच्या वस्तीत, रुग्णालयात आणि गटाराच्या पाण्यात ते फिरतात. उद्या त्याच गल्लीतील एखाद्या बाळंतिणीला किंवा नवजात अर्भकाला संसर्ग झाला आणि औषध लागू पडले नाही, तर त्या मरणाचा धागा कोणाच्या दाढेपर्यंत जातो, हे कोणताही वैद्य सांगू शकणार नाही. हा खर्च दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच तो वाढत जातो.

पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच, अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू निगरगट्ट होतील, असा इशारा दिला होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या आपल्या देशाने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली, तीही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने. गरिबाला जीवरक्षक औषध स्वस्तात मिळावे हा त्यामागील हेतू होता. त्या पिढीने कष्टाने मिळविलेले शस्त्र पुढच्या पिढ्यांनी दाढेच्या ठणक्यावर बोथट करावे, ही खेदाची गोष्ट आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगभरात थेट १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली. या संकटात दंतोपचाराचा वाटा नगण्य आहे असेही नाही. अमेरिकेत बाह्यरुग्णांना लिहून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी सुमारे दहावा हिस्सा दंतवैद्यांच्या चिठ्ठीवर जातो.

कायदा आहे, पण...

कायद्यात उणीव आहे असे म्हणता येणार नाही. प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई आहे. २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ या अनुसूचीत ४६ औषधे घालण्यात आली. त्यांत वरच्या श्रेणीची अनेक प्रतिजैविके आहेत, आणि त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही दुकानदाराने तीन वर्षे जपून ठेवावयाची आहे. २०१६ साली पाकिटावरील उभ्या लाल रेघेचा अर्थ लोकांना समजावून देण्याची मोहीमही केंद्र सरकारने काढली. पाकिटावर लाल रेघ आहे. परंतु दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो तेव्हा ती कोणाच्या लक्षात येते? केरळने २०१८ साली राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा तयार केला आणि २०२४ मध्ये औषध दुकानांची तपासणी मोहीम हाती घेतली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनालाही तितकी कडक तपासणी अशक्य नाही.

तथापि केवळ तपासणीने हा प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मजूर गोळी घेतो ती मूर्खपणाने नव्हे. त्याचा हिशेब त्याच्या परिस्थितीत बिनचूक असतो. गोळ्यांना शंभराच्या आतबाहेर रुपये लागतात, तर रूट कॅनाल आणि वरची टोपी यांना काही हजार. शिवाय दोन-तीन खेपा घालाव्या लागतात, आणि प्रत्येक खेप म्हणजे एक खाडा. सरकारी रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळी चालतात, म्हणजे दिवसपाळीचा कामगार मागावर असतो आणि रातपाळीचा झोपलेला असतो त्याच वेळी. तेथे दात काढून मिळणे जितके सुलभ, तितके तो वाचवून मिळणे सुलभ नाही. राज्य कामगार विमा योजना दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. भिवंडीतील माग मात्र लहान लहान कारखान्यांत विखुरलेले आहेत. हे सारे ध्यानात घेता, गोळी हीच गरिबाला परवडणारी दंतसेवा आहे, असे म्हणावे लागते.

दंतवैद्याच्या बाजूनेही पाहावयास हवे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून हा व्यवहार विश्वासावर चालतो. हा विश्वास टिकविण्यासाठी दंतवैद्य गोळी लिहून देतो. न दिल्यास रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जाईल, ही भीती त्याला असते. उपचारानंतर दुखले तर आपल्या हाताला दोष दिला जाईल, म्हणून तो प्रतिजैविकाचा विमा उतरवून ठेवतो. हप्ता मात्र समाज भरतो. निर्जंतुक केलेली हत्यारे आणि उपचाराच्या वेळी दातावर लावावयाचा रबराचा पडदा हाच खरा विमा होय. जो दंतवैद्य ‘तुम्हाला या गोळीची गरज नाही’ असे समजावून सांगतो, त्याला वाचकांनी कमी शिकलेला समजू नये.

खुर्ची हेच औषध

वर उल्लेखिलेल्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक महत्त्वाची अट आहे. दंतोपचार तात्काळ मिळत असेल तर प्रतिजैविक नको, असे ती म्हणतात. गळू झाले आहे आणि उपचार लगेच मिळण्याजोगा नाही, अशा स्थितीत तीच तत्त्वे प्रतिजैविक देण्यास संमती देतात. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दंतवैद्याची खुर्ची जवळ असेल तर गोळीची गरज घटते आणि खुर्ची दूर असेल तर ती वाढते. सात लाखांहून अधिक लोकवस्तीची नोंद २०११ च्या जनगणनेतच झालेल्या या शहरात गोळ्यांची खप किती, हा प्रश्न म्हणूनच अखेर खुर्च्या किती आणि त्या कोणत्या वेळी उघड्या, या प्रश्नाशी येऊन थांबतो.

यात एक विसंगतीही आहे. अनेक औषध कंपन्यांचा माल भिवंडी परिसरातील गोदामांत उतरतो आणि तेथून बाहेरगावी रवाना होतो. गोळ्यांची रास येथे आहे. दाढ साफ करणारा हात मात्र त्या मानाने दुर्मीळ आहे. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून अस्तित्वात आहे. त्याचा लाभ यंत्रमागाच्या वस्तीला व्हावा असे वाटत असेल, तर महापालिकेने शांतीनगरसारख्या कामगार वस्तीतील एखाद्या दवाखान्यात दोन खुर्च्या मांडाव्यात आणि त्या संध्याकाळी, पाळ्या बदलण्याच्या वेळी, उघड्या ठेवाव्यात. मुंबई-ठाणे परिसरातील दंत महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तेथे पाळीपाळीने पाठविता येईल. ज्या दातांची एका बैठकीत साफसफाई होऊ शकते त्यांची ती एकाच बैठकीत व्हावी, म्हणजे खाडे वाचतील. लाल रेघेचा अर्थ आणि धोक्याची लक्षणे मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू या चार भाषांत छापून प्रत्येक औषध दुकानात लावणे तर अगदीच अल्पखर्ची काम आहे.

सुशिक्षितांचे काम याहून सोपे आहे. दंतवैद्याने प्रतिजैविक लिहून दिले तर ते कशासाठी, हा एक प्रश्न नम्रपणे विचारावा. न दिले तर ते मागू नये. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या कपाटातून काढून घरातल्या दुसऱ्या माणसाला देऊ नयेत. शिक्षकांनी वर्गातील मुलांच्या दातांकडे आणि मिश्री-तंबाखूच्या सवयीकडे वेळीच लक्ष दिले, तर पुष्कळशा दाढांवर रूट कॅनालची पाळीच येणार नाही.

उधारीचा व्यवहार धनको थांबू शकतो तोवर चालतो. जंतू हे थांबणारे धनको नाहीत. आज दाढेच्या ठणक्यावर उधळलेली गोळी उद्या न्यूमोनियाने तळमळणाऱ्या मुलाला लागणार आहे. ती त्याच्यासाठी राखून ठेवावयाची असेल, तर मागावरच्या कामगाराला गोळीऐवजी खुर्ची द्यावी लागेल. तिचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसेल आणि त्यावर वादही होतील. गोळीचा खर्च कोठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि आजवर तो कमी समजला गेला तो एवढ्याच कारणाने.